बापूरावांचा न उडणारा फ्यूज

उन्हाळ्यात वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचे कूलर एकदम लागले, की कोणाचा ना कोणाचा फ्यूज उडतोच. मग बापूराव बनियनवर हजर. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला हा गृहस्थ तुमच्या अंधारात उभा राहून आधी स्वतःच्या घराचे कौतुक करतो आणि मग टॉर्च मागतो. "आमच्या घरचं फ्यूज उडल्याचं मले तं आठवतच नाई. तुमचंच काऊन उडते?" मी त्यांचा शेजारी. हे भाषण ऐकून ऐकून एकदा त्यांच्या कूलरमध्ये बेडूक सोडावा असेही माझ्या मनात आले होते.

यंदा त्यांच्या पोरीचे, पौर्णिमाचे, पहिले बाळंतपण. तारीख ऐन मे महिन्यातली. तिच्या पुण्याच्या सासूबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "वर्ध्याच्या उन्हात कशाला? इथे एसी आहे." पहिले बाळंतपण आणि माहेरी नाही? बापूरावांना ते भलतेच झोंबले. भर थंडीत त्यांनी एसी आणून पौर्णिमाच्या खोलीत ठेवला. अख्खी गल्ली नुसता खोका बघून आली.

एसी बसवायला पवनारचा अंकुश आला. "जयभीम काका. बोर्ड लय जुना हाये, बदलता काय?"

"कायले बदलू? कधी उडलाच नाई."

अंकुशलाही दुसऱ्या कामाची घाई होती. "चालते मंग," म्हणून तो ड्रिल काढू लागला, तेवढ्यात बापूरावांच्या बायकोने, मीराबाईंनी, सगळ्यांना पोहे आणि दही दिले. दही असे घट्ट की वाटी उलटी केली तरी पडू नये. अंकुशने चमचा चाटला.

"काकू, या थंडीत आमच्या घरी तं दही लागतच नाई. तुम्ही कसं लावता?"

"त्या मेन बोर्डाच्या डब्यावर ठेवा लागते. मस्त ऊब राह्यते तिथं."

अंकुशचा चमचा तोंडातच राहिला. त्याने उठून डब्यावर हात ठेवला, मेन स्विच पाडला आणि फ्यूज उपसून आमच्यासमोर धरला. आत केसासारखी फ्यूजची तार असायला हवी. तिथे तांब्याची चांगली जाड तार पिळून बसवलेली.

"काका, फ्यूज उडते म्हणून तं घर वाचते. हे उडतच नाई. मंग वायर तापून राह्यली, अन् काकू त्याच्यावर दही लावून राह्यल्या."

मीराबाईंना आधी हसू फुटले, मग अंकुशला, आणि मी तर पोट धरून खालीच बसलो. बापूराव हसले नाहीत. बोर्डाच्या भिंतीला पलीकडून पौर्णिमाची खाट टेकलेली होती. "तार मीच टाकली रे," ते म्हणाले. "पोर इथंच निजली असती." मला त्यांची फार दया आली.

पौर्णिमाला कळले तेव्हा तिने फोनवर बजावले, "बाबा, बोर्ड नीट होईपर्यंत मी येत नाई." एसी पुन्हा खोक्यात गेला. जुनी वायर उपसली, अर्थिंग झाले, वीज कंपनीकडून लोड वाढवून घेतला, एसीला वेगळी लाईन आणि भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणांचा नवा डबा आला. "अन् आता थंडीत दही कुठं लावू?" एवढेच मीराबाई विचारत होत्या.

काम संपले त्या दिवशी बापूरावांनी गल्ली गोळा केली. एसी, गिझर, इस्त्री, मोटर, मिक्सर, सगळे एकदम लावले. मिक्सरमध्ये काहीच नव्हते, तरी तो जिवाच्या आकांताने फिरत होता. आम्ही श्वास रोखून उभे. खट्. बापूरावांचे घर बंद, बाकी गल्ली चालू.

"उडलं," बापूराव म्हणाले. मग मोठ्याने, "अरे, उडलं!" आणि त्यांनी मला घट्ट मिठी मारली. "एवढं सगळं एकदम लावाचंच नसते, काका," असे अंकुश ओरडून सांगत होता, पण ऐकतो कोण? गल्लीने टाळ्या पिटल्या, मीराबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. बापूरावांनी पौर्णिमाला फोन लावला, स्पीकरवर.

"ये माय, आता बिनघोर ये. आपल्या घरची लाईन जाते आता."

"अहो, लाईट जाते तर मग ती तिथे राहील कशी?" पलीकडून सासूबाईंचा घाबरलेला आवाज आला.

त्यांच्या मागून पौर्णिमा खळखळून हसली. "आई," ती सासूला म्हणाली, "माझं तिकीट काढा."