पोटगीच्या अर्जातली मुलगी

लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणारी तनुजा चार वर्षं दर तीस सप्टेंबरला दोन पानं वाढून ठेवायची. एक नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं, एक तिच्या दोन वर्षांच्या लेकीचं. त्र्याण्णवच्या भूकंपात दोघी गेल्या, असं सुदर्शननं लग्नाआधीच सांगितलं होतं. फोटोला हार घालताना तो हुंदके देऊन रडायचा.

२००१च्या जूनमध्ये त्याच्या वकिलाचं पाकीट घरी आलं. सुदर्शन बियाण्यांच्या कामानं धर्माबादला गेला होता. तातडीचं काही असेल म्हणून तनुजानं फोडलं. आत पोटगीच्या अर्जाची प्रत होती. अर्जदार महानंदा, घटस्फोटित, राहणार उदगीर. मुलगी इरा, वय दहा. वडिलांनी दुसरं लग्न केलंय, ती बायको कमावते, तेव्हा पोटगी तीनशेवरून वाढवून मिळावी.

खाली सुदर्शनचं उत्तर होतं. ‘माझी दुसरी पत्नी तनुजा कंबरेपासून लुळी असून अंथरुणाला खिळलेली आहे. सगळा पगार तिच्या औषधपाण्यात जातो.’

वाचता वाचता तिच्या पायांना मुंग्या आल्या.

कुणाला न सांगता ती तारखेला कोर्टात गेली. बाकावर एक बाई आणि मुलगी बसली होती. मुलीच्या उजव्या भुवईत तीळ. फोटोतलाच. मुलगी सरकली. “बसा की ताई.” तनुजानं हळूच तिच्या हाताला हात लावला. उबदार होता.

“तुमी कोण?” महानंदानं विचारलं.

“मी तनुजा. त्यांची बायको.”

महानंदा तिच्या पायांकडं बघतच राहिली. “तुमाला तर चालता येत न्हाई म्हणं.”

तनुजानं पगाराचा दाखला कोर्टापुढं ठेवला. न्यायाधीश म्हणाले, “दुसऱ्या बायकोचा पगार हा बापाचा पगार धरता येणार नाही. या मुलीला पोसायचं बंधन तिच्यावर नाही. पण ती स्वतःचं भागवते, तेव्हा तिच्या खर्चाचं कारण सांगून बापाला हात वर करता येणार नाहीत.” पोटगी आठशे झाली.

सुदर्शन कोर्टातून सरळ घरी गेला. संध्याकाळी त्यानं ताट वाढून तनुजा बसली होती त्या पलंगापाशी आणलं, उशी नीट केली. डोळे पाण्यानं भरलेले.

“उठू नको,” तो मायेनं म्हणाला. “तुला त्रास हुईल.”

तनुजानं पर्स उचलली आणि ती चालत स्टँडवर आली. नांदेडला तिचा भाऊ उद्धव राहायचा, पुढं तिथल्याच क्लासमध्ये तिला काम मिळालं. सुदर्शन कधी शोधत आला नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये जागा होत्या, तरी अहमदपूर येईपर्यंत ती दांडा धरून उभीच होती.