कुलूपबंद बोअर

लातूर नवाच जिल्हा झाला, तेव्हा मी बदलीवर तिथं गेलो. शेजारच्या घरातल्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांची बोअर दुष्काळात कोरडी पडली होती. तरी पावसाळ्यात ते पत्र्यावरचं पाणी जुन्या धोतरातून गाळून तिच्यात सोडत आणि वर झाकण घालून कुलूप लावत.

उन्हाळ्यात नळाला पाणी येईना. त्यांची बोअर कोरडीच राहिली. उताराला असलेल्या आमच्या हापशाला मात्र पाणी होतं. ते रोज घागर घेऊन येत. आधी चूळभर पाणी तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि सांगत, "व्हय, माझंच हाय." मग रांगेतल्या बायकांना आग्रह करत, "घ्या, घ्या, लाजू नका!" आमच्याच अंगणात यजमान ते! माझी बायको आत भांडी आपटायची.

एकदा मी चिडून विचारलं, "खालून सगळी गल्ली पाणी नेते, मग वर कुलूप कशाला?"

"वरून कुणी कचरा टाकू न्हाई म्हणून, सायेब. खालून नेलं तर नेऊ द्या की."

पुढच्या पावसाळ्यात मी आमच्या पत्र्याचं पाणीही पाइपानं त्यांच्या बोअरपर्यंत नेलं. त्यांनी कुलूप काढलं, पाइपाखाली ओंजळ धरली, पाणी तोंडात घोळवलं आणि डोळे मिटले.

"तुमची चव ध्यानात ठेवायलोय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात वळखाया पायजे."