आडव्या बाटलीची केशरबाई

महिला दिन आला की आमच्या गावात पाहुणे येतात, बायांच्या हातात गुलाबाचं फूल देतात आणि महिलांनी राजकारणात पुढं यावं असं सांगून जेवायला जातात. मला त्यांचा भारी राग येतो. अरे, समोर केशरबाई बसलीय, तिला तरी विचारा!

मी मिरजगावच्या पुढं, आडबाजूच्या एका गावात पिठाची गिरणी चालवते. गिरणीसमोर देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं, मच्छिंद्रशेठचं. केशरबाई जन्मली बहात्तरच्या दुष्काळात, तेव्हा तिची आई सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. लग्न झालं आणि ती थेट उसाच्या फडात गेली. पुढं पाठ गेली तेव्हा कुठं तोडीची कामं सुटली. तिच्या जागी मुलगा कल्याण आणि सून आरती जाऊ लागले. कल्याण कामाला वाघ, पण पिला की आरतीला मारायचा. एकदा सुनेचा गाल सुजलेला बघून केशरबाई गिरणीत येऊन बसली आणि म्हणाली, "जये, माज्याच पोटचा हाय. त्याला कुठं टाकू? आता ते दुकानच बंद करते."

याबाबत कायदा बायांच्या बाजूचा आहे. गावातल्या बायांनी सह्या करून मागणी केली की बायांचंच मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. केशरबाई दारोदार फिरली, मतदान लागलं, आणि जवळजवळ सगळ्याच चिठ्ठ्यांवर आडव्या बाटलीवर शिक्का निघाला. आम्ही हलगी वाजवली, पेढे वाटले. मग मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी सांगितलं की दुकान चालूच राहणार. पडलेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीत जेवढ्या बाया आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आणि महिना पौषाचा! गावातल्या कितीतरी बाया ऊसतोडीला गेलेल्या. ज्या आल्या नाहीत त्या सगळ्या उभ्या बाटलीच्याच धरल्यासारखं झालं. मच्छिंद्रशेठला प्रचारसुद्धा करावा लागला नाही. आमचेच पेढे खात तो हसत होता, तेव्हा तो डबा त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं.

केशरबाईनं हाय खाल्ली नाही. पुन्हा मागणी करता येईपर्यंत कळ काढली आणि पुन्हा सह्या गोळा केल्या. यंदाची तारीखही नेमकी कारखाने चालू असतानाची आली. मच्छिंद्रशेठ मुद्दाम गिरणीत येऊन म्हणाला, "केशरबाई, यंदा पेढे माझ्याकडून."

"आन की. लई आन," ती म्हणाली, आणि तडक सरवरीभाभीच्या घरी जाऊन तिच्या पोराला, फैयाजला टेम्पो काढायला लावला.

आमच्या गावची ऊसतोडीची टोळी बेलापूरच्या शिवारात उतरली होती. मीही केशरबाईबरोबर गेले. पुरुष ऊस तोडत होते, बाया मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीकडं नेत होत्या. मुकादम सूर्यभान आमच्याच गावचा. केशरबाई कशाला आलीय हे ऐकून तो उखडला.

"काकू, खूळ लागलं का? बाया गेल्या तर मोळ्या कोन बांधनार? गाडी कोन भरनार? माजे कोयते अर्धे पडतील."

तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातली बाई वेगळी कुणी धरतच नाही. केशरबाईनं उभी जिंदगी अशी अर्धी होऊन काढलेली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सूर्यभान, तुज्याकडं आमी दोगं मिळून एक. मतदानाच्या यादीत मातूर बाई एकटी एक हाय. माज्या ह्या समद्या बाया मला पुऱ्या पायजेत."

कल्याण कोयता घेऊन पुढं आला. "आये, माज्या दारूच्या मागं लागलीस व्हय?"

"व्हय, तुज्याच."

कल्याण आरतीकडं बघायला लागला. मला धास्ती वाटली, की आता ती मान खाली घालणार. आरतीनं हातातली मोळी तशीच सोडली, "तुमी बांदा," एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. सूर्यभान ओरडणार तेवढ्यात त्याचीच बायको विजयमाला साडीवरच्या शर्टाची धूळ झटकत टेम्पोत चढून बसली. मग कोण थांबतंय? फैयाजला बेलापुरातून ओळखीचे आणखी टेम्पो आणावे लागले.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर जी रांग लागली ती बघून मी गिरणी बंदच ठेवली. उसाच्या पाचटानं चिरलेल्या हातांनी बाया शिक्का मारत होत्या. मच्छिंद्रशेठ समोर उभा होता, पण आज त्याला काही हसू फुटत नव्हतं.

मोजणी झाली. साहेब म्हणाले, "आडवी बाटली. निम्म्याच्या वर."

मागच्या वेळेची आठवण होती, हलगीला कुणी हात लावला नाही. केशरबाई पुढं गेली. "साहेब, आलेल्या बायांच्या निम्म्या, का यादीतल्या?"

"यादीतल्या, मावशी. दुकान बंद होणार."

ती तिथंच मातीत बसली आणि मोठ्यानं रडली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. मलाही आवरेना. आरतीनं तिला उठवलं आणि तिच्या कपाळाला गुलाल लावला. एरवी हा गुलाल पुरुषांच्या मिरवणुकीत उधळतात आणि बाया दारातून बघतात. आज हलगीपुढं बायाच नाचत होत्या, आणि उमेदवार कुणी नसल्यामुळं जिला तिला हार घालत होत्या. मोडक्या पाठीची केशरबाई सगळ्यांच्या मध्ये होती.

फैयाजनं टेम्पोचा हॉर्न वाजवला. "केशरमावशी, बायांना सोडा आता. मुकादम फोनवर फोन करतोय."

"थांब रं!" ती गुलालानं माखलेल्या तोंडानं ओरडली. "जिंदगीभर दुसऱ्यांला निवडून आनलं. आज आमी निवडून आलोय."