झोपवलेले फोन

यॉ बारिमा गाडीतला मधला आरसा वाकडा करून चालवू लागला, तेव्हा पहिल्यांदा मला संशय आला. आपल्या बरोबर पाठीमागची जागा दिसू नये, असा तो आरसा त्याने वळवला होता.

"मागून ट्रक आला तर दिसणार कसा तुला?" मी विचारलं.

"बाहेरच्या आरशात दिसतो की, टीचर," असं म्हणून त्याने कानाची पाळी ओढली.

बारिमाला मी चौथीत शिकवलं आहे. थाप मारताना तो कानाची पाळी ओढतो. आता तो सेहेचाळीस वर्षांचा आहे, तीन मुलींचा बाप आहे, पण सवय तीच. तसा मुलगा सरळ. पंधरा वर्षं त्याने मामाची जुनी टॅक्सी चालवली. तेव्हा भाडं तोंडी ठरायचं. गिऱ्हाईक तीस म्हणणार, हा पन्नास म्हणणार, दोघं एकमेकांच्या आयांची चौकशी करणार आणि चाळीसवर गाडी सुटणार. मग फोनवरून गाड्या मागवायची पद्धत आली. बारिमाला ती फार आवडली. "भांडण संपलं, टीचर. भाव फोन सांगतो. माझ्या डोक्यावर पाप नाही."

आमच्या कुमासी शहरात शनिवार हा मयतांचा दिवस. माणूस मेला की लगेच पुरत नाहीत. सगळे नातेवाईक जमतील असा शनिवार धरतात. पहाटे प्रेत नटवून पलंगावर निजवतात, घरचे एकेक करून जवळ जातात, बोलून घेतात आणि ठरल्या वेळी पेटीचं झाकण लागतं. त्यामुळे शनिवारी पहाटे दुखवट्याच्या काळ्यालाल कापडातली माणसं शहरभर गाड्या शोधत असतात, आणि फोनमधला नकाशा पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा लाल होत जातो. जितका लाल, तितका भाव जास्त.

पेट्रोल पंपाजवळच्या कडुनिंबाखाली सात गाड्यांचा अड्डा आहे. त्यात बारिमाचीही गाडी असायची. तिथला पुढारी सार्पोंग. नकाशा लवकर लाल कसा करायचा ही युक्ती त्याचीच. साडेपाचला सातही जणांनी फोनमधून स्वतःला बंद करून घ्यायचं. फोनला वाटतं, इथे गाड्याच नाहीत. भाव चढतो. पुरेसा चढला की सगळ्यांनी पुन्हा चालू व्हायचं. याला त्यांचा शब्द होता 'फोन झोपवणे'. "चला रे, झोपवा लेकरांना," सार्पोंग म्हणायचा आणि सगळे बाजरीची पेज प्यायला बसायचे.

त्या शनिवारी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर मामे काक्रा आणि तिची नात सेरवा उभ्या होत्या. काक्रा म्हणजे जुळ्यातली धाकटी. म्हाताऱ्या बाईला आम्ही मामे म्हणतो, आई म्हणावं तसं. जुळ्यातली थोरली, पान्यिन, मांपोंग रस्त्यावरच्या गावी पलंगावर निजली होती. सातला झाकण लागणार होतं. त्यांच्या घराण्यात जुळ्यांची एक रीत आहे. एक गेली की मागे राहिलेलीने तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "नीट झोप. मी तुझ्याबरोबर येत नाही." ते म्हटलं नाही तर गेलेली थांबून राहते. तिला वाटतं, दुसरी तयारी करते आहे.

आदल्या रात्री फोनने भाड्याचे साठ सेदी सांगितले होते. पहाटे सांगितले पंचाण्णव.

मामे काक्राने चाळीस वर्षं मोठ्या बाजारात टोमॅटो विकले होते. भाव पाडायचा कसा हे तिला कोणी शिकवायला नको. ती नातीला म्हणाली, "बंद कर तो. पाठ फिरव. दहा पावलं जाऊ दे, आपोआप हाक मारेल."

सेरवाने फोन बंद केला. पाच मिनिटांनी उघडला. एकशे दहा.

"अजून पाठ फिरव. विकणारा माजलाय."

पुढच्या वेळी फोन म्हणाला, जवळपास गाडी नाही.

म्हातारीने समोर पाहिलं. सात गाड्या. ती रस्ता ओलांडून कडुनिंबाखाली आली.

"मांपोंग रस्ता. साठ देते. चला कोणीतरी."

"आता तोंडी नाही चालत, मामे," सार्पोंग म्हणाला. "फोनवरून मागवा. फोन म्हणेल ते खरं."

"फोन म्हणतो गाडी नाही."

"मग नसेल!" सार्पोंग म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बारिमापाशी तिची नजर थांबली. त्याच्या तोंडात पेजेचा घोट होता. "गिळून बोलणार होतो, टीचर," तो मला पुढे म्हणाला. "घोट गिळायला किती वेळ लागतो? पण मी गिळला आणि ती परत रस्त्यापलीकडे गेली होती."

सहा चाळीसला भाव एकशे चाळीस झाला. "उठवा," सार्पोंग म्हणाला. पहिली मागणी बारिमाच्याच फोनवर वाजली. सेरवाची.

मागे अख्खी सीट असताना मामे काक्राने नातीला पुढे बसवलं आणि स्वतः उजव्या कडेला, दाराला चिकटून बसली. आमच्याकडे चालक डावीकडे बसतो; त्याच्या मागची जागा रिकामी राहिली. जुळ्या नेहमी तशाच बसत, एक या कडेला, एक त्या. बारिमाने गाडी पळवली, दोन ठिकाणी सिग्नल तोडले. पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. झाकणाला खिळे ठोकून झाले होते. घराण्याचा म्होरक्या म्हणाला, एकदा लागलेली पेटी उघडत नाहीत. म्हातारी अंगणात उभी राहिली. हात पेटीच्या दिशेने थोडा उचललेला, तसाच राहिला.

परतताना गाडी रिकामी होती. निदान बारिमा तसं समजत होता. वाटेत त्याने आरशात पाहिलं, तर त्याच्या मागच्या जागेवर काळ्यालाल कापडातला एक गुडघा होता.

महिन्यानंतर एका सकाळी तो माझ्या दारात आला, गुडघ्यापासून आरशापर्यंत सगळं सांगितलं. "टीचर, तुम्ही माझ्याबरोबर चला. एकट्याने मला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही."

मामे काक्रा अंगणात शेंगा सोलत होती. बारिमा उभ्याउभ्याच म्हणाला, "फोन खोटं बोलला नव्हता, मामे. आम्ही झोपवले होते. सातही."

"ठाऊक आहे. म्हातारी आहे मी, आंधळी नाही."

"मग तेव्हाच शिव्या का नाही दिल्या?"

"कुठल्या तोंडाने देऊ?" तिने शेंग फोडली. "पावसात ट्रक अडकले की मीही अर्ध्या टोपल्या गोणपाटाखाली ठेवायचे. भाव चढला की काढायचे. बाजार आहे तो, बाळा. पण गिऱ्हाईक समोर असायचं. एखादीच्या घरी मयत असलं की तोंडावर दिसायचं, आणि माझी टोपली आपोआप बाहेर निघायची. तुझ्या फोनला माझं तोंड दिसलं नाही." तिने मान वर केली. "तुला दिसलं होतं."

बारिमाचा हात कानाकडे गेला नाही. तो खाली बसला.

"ती येते," मामे काक्रा शेंगांकडे बघत म्हणाली. "पहाटे खाटेच्या कडेला बसते. रागावत नाही. नुसती विचारते, निघायचं ना? मी अजून हो म्हटलेलं नाही. पण रोज रोज नाही म्हणायलाही दम लागतो."

तिचे दंड पार काडीसारखे झाले होते. येत्या शनिवारी थोरलीचा चाळिसावा धरला होता; त्या दिवशी कबरीवर जायचं असतं.

"मी नेतो तुम्हाला, मामे. पैसे नकोत."

"फुकट जायला मी पेटीत निजलेय का? साठ. तेव्हाही साठच म्हटलं होतं मी."

सेरवाची परीक्षा होती, म्हणून मी गेले. मी पुढे बसले, मामे मागे उजव्या कडेला. कडुनिंबापाशी सार्पोंग आडवा आला. "अरे बारिमा, आत्ता कुठे नारिंगी होतंय! वीस मिनिटं थांब की!"

मामेने काच खाली केली. "वीस मिनिटं माझ्याकडे नाहीत रे. तुझ्याकडे पुष्कळ दिसतात. तूच ठेव."

कबरीवरचं सिमेंट अजून नवं होतं. ती कष्टाने गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली, ओठ सिमेंटला लावले आणि म्हणाली, "नीट झोप. मी येत नाही." मग कान लावून पडून राहिली. बराच वेळ. तिला उठवावं की नाही, मला कळेना.

"ऐकलं असेल का हो तिने?" शेवटी मीच विचारलं.

"जिवंतपणी तरी ती माझं एका हाकेत कधी ऐकायची?" असं म्हणत तिने उठायला हात पुढे केला.

परतीच्या वाटेवर ती मधोमध बसली. पाय पसरून, पिशवी बाजूला टाकून. थोड्या वेळाने म्हणाली, "आरसा सरळ कर, बाळा. मागून ट्रक येतोय." बारिमाने हात वर नेला आणि आरसा सरळ केला. माझ्या जागेवरून मला त्यात काही दिसत नव्हतं.

त्याला आता पाच महिने झाले. मामे काक्राचे दंड पुन्हा भरले आहेत. खाटेच्या कडेला कोणी बसत नाही, असं ती सांगते. बारिमा अड्ड्यापासून दूर, चर्चच्या भिंतीजवळ गाडी लावतो आणि शनिवारी त्याचा फोन जागा असतो. सार्पोंग त्याला 'पाद्रीबाबा' म्हणतो.

काल मी बाजारातून त्याच्याच गाडीने आले. मी मागे बसायला गेले, तर तो घाईने म्हणाला, "टीचर, तुम्ही पुढे बसा."

आरसा सरळ होता.

"दिसतं का रे अजून काही?" मी विचारलं.

"रिकामी सीट," तो म्हणाला आणि कानाची पाळी ओढली.