मागचे केस

माझे केस पस्तिशीतच पिकले. माहेरी सगळ्यांचे असेच होते, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. आमचे हे माझ्याहून मोठे, पण त्यांचं डोकं काळंभोर. एका कारखान्यात स्टोअरला होते. एकदा कारखान्यात बायकामुलांसकट सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी ठेवणीतली हिरवी साडी नेसले, गजरा घातला. आम्ही मांडवात शिरतो तोच यांच्या खात्यातला एक नवा कारकून धावत आला. वाकून माझ्या पायांना हात लावला आणि यांना म्हणाला, "साहेब, बाने लाव्या ए बहु सारुं कर्युं."

बा म्हणजे आई. आईंना आणलंत हे फार छान केलंत, असं तो म्हणत होता. बडोद्यात जन्म गेला, एवढं गुजराती मला कळतं.

हे हसले. मीही हसले. तो कारकून मला खुर्ची द्यायला धावला, आणि कुणीच त्याला काही सांगितलं नाही. मी त्या खुर्चीवर बसून राहिले आणि जेवलेही. परत येताना स्कूटरवर हे एक अक्षर बोलले नाहीत. माझी त्यांना लाज वाटली होती. ते तसं कधी म्हणाले नाहीत, पण चौथी शिकलेल्या बाईलाही नवऱ्याची पाठ वाचता येते.

पुढच्या रविवारी ते रावपुऱ्यातून एक खोकं घेऊन आले. पिशवीत खाली खोकं, वर मेथीची जुडी. खोक्यात दोन बाटल्या होत्या. म्हणाले, "न्हाणीत ये. पाट घे."

मी म्हटलं, "मला नको असलं काही."

"नको काय? बस."

मी बसले. खांद्यावर जुनं वर्तमानपत्र टाकलं. त्यांनी वाटीत दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं ओतून कालवलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने लावायला घेतलं. स्टोअरमधला माणूस, सगळं कप्पे पाडून करायची सवय. कंगव्याच्या टोकाने एक बट उचलायची, मुळाशी ब्रश फिरवायचा, बट पलीकडे टाकायची. मानेपाशी आले की म्हणायचे, "हलू नकोस. साडीवर पडेल." मुलं दार वाजवायची तेव्हा हे श्वास धरून बसायचे आणि मी आतून ओरडायची, "न्हातेय रे!"

मला ते आवडायला लागलं, हे लिहितानाही कसंतरी होतं. आमच्या संसारात यांनी माझ्या डोक्याला दुसऱ्या कुठल्या कारणाने हात लावल्याचं मला आठवत नाही.

एवढं मात्र त्यांनी बजावलं होतं, "कुणाला सांगायचं नाही. ताईला कळलं तर मला बडोद्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, यांच्याहून धाकट्या, पण घरात सगळे त्यांना ताईच म्हणायचे. रावपुऱ्यातच राहायच्या. शब्दाला धार, आणि भावावर फार जीव.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं नाही एवढंच नव्हे, वर खोटंही बोलले. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "तुमचे केस एवढे काळे कसे हो?" मी म्हणायची, "माक्याचं तेल. घरी कढवते." मग कसं कढवायचं तेही सांगायची. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत दोनचार जणींनी खरंच माका आणून तेल कढवलं. जिना भरून वास यायचा. मी नाकाला पदर लावून खाली उतरायची.

पुढे दुकानांत रंगाच्या पुड्या माळेसारख्या लटकायला लागल्या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्यूटी पार्लर आलं, टीव्हीवर बायका उघड उघड डोकं रंगवून दाखवायला लागल्या. आमचं न्हाणीचं दार मात्र बंदच राहिलं.

मग एका सकाळी हे दाढी करता करता खाली बसले आणि गेले.

सुतकात तेल नाही, फणी नाही. मी भिंतीला टेकून बसायची, समोर यांचा फोटो, समई. समाचाराला बायका यायच्या, माझ्या शेजारी बसायच्या, आणि त्यांचे डोळे माझ्या भांगावर जायचे. रंगवायचा रविवार टळला होता. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी आली होती, आणि तिच्याखाली सगळं काळं. माका कढवणारी शेजारीण माझा हात हातात घेऊन रडत होती. रडता रडता तिने वर पाहिलं आणि तिचं रडणं थांबलं. नंतर ती पुन्हा रडायला लागली, पण मघासारखं नाही.

नवरा जाऊन चार दिवस झालेले, आणि मी भांग कसा झाकावा याचा विचार करत होते. पदर पुढे ओढला. बायकांना वाटलं, दुःखाने ओढला.

आमच्यात म्हणतात, घरात कुणी गेलं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलीचं लग्न आधीच ठरलेलं होतं. मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं. लग्न चार महिन्यांवर आलं तेव्हा माझं डोकं कानापर्यंत पांढरं आणि त्याच्या खाली काळं, असं दोन रंगांचं झालं होतं.

नणंदबाई सामानाच्या खरेदीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, आता मागचे काळे कापून टाका. एकसारखे पांढरे बरे दिसतील."

माझी मुलगी तिथेच साड्यांना फॉल लावत बसली होती. ती म्हणाली, "काही नको, आत्या. आई पार्लरमध्ये जाऊन रंगवून येईल. फोटो निघणार, व्हिडिओ निघणार."

"रंगवून? आणि कुणासाठी गं? माझा भाऊ जाऊन वर्ष नाही झालं."

"आत्या, तुम्हीपण रंगवताच की."

"माझे हे जिवंत आहेत."

त्या असं म्हणाल्या आणि विषय संपला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी तांदूळ निवडत राहिले.

खरं सांगायचं तर मला रंगवायचे होते. फार रंगवायचे होते. लेकीच्या लग्नात म्हातारी म्हणून उभं राहायचं नव्हतं. कन्यादानाला मी बसणार नव्हते, ते दीर-जाऊ करणार होते. मी बाजूला उभी राहणार. निदान उभी असताना कुणी मला नवरीची आजी समजू नये, एवढंच माझं मागणं होतं. आणि ते मागणं मला एकाही माणसाजवळ बोलून दाखवता येत नव्हतं. पार्लरमध्ये गेले असते तर काचेतून सगळी सोसायटी बघणार. मुलीला म्हटलं असतं तर तिने आनंदाने लावलं असतं, आणि आत्याला तोंडावर सांगितलंही असतं.

लग्नाच्या आदल्या सकाळी घर पाहुण्यांनी भरायच्या आत मी न्हाणीत शिरले. कपाटात यांनी आणून ठेवलेलं एक खोकं शिल्लक होतं. पाटावर बसले. पुढचे केस जमले. कानांवरचे जमले. मागे हात पोचेना. दोन्ही दंड भरून आले. आरसा एकच, भिंतीला ठोकलेला. बोटांनी चाचपत फासलं कसंबसं. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, "आई, सनईवाल्याचा फोन आहे." घाईघाईने डोकं धुतलं, बाहेर आले, आरशात पुढून बघितलं. बरी दिसत होते.

लग्नात कुणी काही बोललं नाही. नणंदबाईंनी पाहिलं, ओठ मुडपले, अक्षता वाटायला गेल्या. कुणी आजी समजलं नाही. विहीणबाई तर म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून तुम्ही एवढ्यातून गेलाय असं वाटत नाही." मला ते चांगलं वाटलं. त्यात टोचणीही होती का, हे मी त्या दिवशी बघितलं नाही.

महिन्याभराने लग्नाची कॅसेट आली. मुलगी-जावई, विहीणबाई आणि व्याही जेवायला आले होते. नणंदबाईही होत्या. श्रीखंडपुरीचं जेवण झालं आणि सगळे टीव्हीसमोर बसले. मंगलाष्टकं झाली. मग तो व्हिडिओवाला दिवा घेऊन आमच्या मागून फिरला. पडद्यावर माझी पाठ आली. पुढून काळे केस अंबाड्यात ओढून घेतलेले, आणि अंबाड्याखाली मानेवर पांढरे पट्टे, मधे मधे काळे डाग, कानामागच्या कातडीवरसुद्धा शाईसारखा एक ओघळ. त्या दिव्याच्या उजेडात सगळं लख्ख. व्हिडिओवाला तिथेच थांबला होता, कारण पलीकडे मुलगी हार घालत होती.

जावई पायांकडे बघत होता. मुलीने रिमोट उचलला, तिला बटण सापडेना.

नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, ह्यापेक्षा पार्लरवालीकडे जायचं होतं."

विहीणबाईंनी हसू दाबलं. मुलीचं तोंड लाल झालं. ती ज्या घरात नुकती गेली होती त्या घरातली माणसं आमच्या सोफ्यावर बसून हसू दाबत होती. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी मला तिथे बसवेना. आणि मी बोलले, "मागे हात पोचत नाही माझा. मागचे नेहमी हे लावायचे."

नणंदबाईंनी मान वळवली. "कोण लावायचं? दादा?"

"हो."

"दादा तुमचे केस रंगवायचा?"

"दर महिन्याला."

व्याही खोकले. नणंदबाई टीव्हीकडे बघत राहिल्या. तिथे आता त्यांची स्वतःची मुलं आइस्क्रीम खात होती. मग त्या उठल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही. माणूस गेला तरी त्याने झाकून ठेवलेलं मी चारचौघांत उघडं केलं होतं, तेही स्वतःची फजिती झाकायला. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली, पण मला तिच्याकडे बघता आलं नाही.

त्यानंतर मी रंगवले नाहीत. काळे वाढत वाढत खाली गेले आणि एक दिवस मी ते कात्रीने कापले. आता डोकं कापसासारखं आहे. सोसायटीतल्या पोरी म्हणतात, "आजी, तुम्हाला पांढरे केस किती शोभतात! तुम्ही वय कसं छान स्वीकारलंत." मी मान डोलावते.

मी काही स्वीकारलेलं नाही. मुलगी दरवेळी म्हणते, "ये, मी लावून देते." मी नको म्हणते. तिचा हात मानेपाशी आला तर मला बसवेल की नाही, माहीत नाही.