अप्पांनी मराठी निवडली

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर मी जितकी ओरडले आहे, तितकी शाळेत पोरांवरही ओरडले नसेन. आणि गणिताच्या टीचरचा आवाज केवढा असतो ते आमच्या गल्लीला विचारा.

त्या कॉम्प्युटरवर एक फाइल होती. माझे वडील, अप्पा, वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून ती लिहीत होते. आम्ही तंजावूरचे मराठी. राजांबरोबर पूर्वज इकडे आले, राजे गेले, आम्ही राहिलो, आणि घरात आम्ही जे बोलतो ते पुण्याच्या माणसाला आता अर्धंमुर्धंच कळतं. ते घरचे शब्द अप्पा एकेक करून लिहून ठेवत होते. स्वयंपाकातले, भांडणातले, लाडाचे. सगळी खटपट माझ्या मुलीसाठी. ती चेन्नईला नोकरी करते. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र तमिळमध्ये देते.

अप्पांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणून शब्द मराठी आणि अक्षरं तमिळ. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या त्यामुळे मला देवनागरी येते, आणि तमिळ अक्षरांतलं मराठी वाचायचं म्हटलं की माझं डोकं उठतं. क, ख, ग, घ सगळ्यांना मिळून एकच अक्षर! "एकदा वाचून बघ गे," असं अप्पा दोन-तीनदा म्हणाले होते. सुट्टीत बघते, म्हणायची मी. सुट्ट्या आल्या नि गेल्या.

मग कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्यातल्या जुन्या सिस्टिमला आता काही मदत मिळणार नाही अशी पाटी रोज स्क्रीनवर यायला लागली. अप्पांनी कुठल्याशा तमिळ व्हिडिओत पाहिलं, की लिनक्स नावाची सिस्टिम फुकट असते आणि तिची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात आली आहे. झालं! तीच हवी. "अहो, चार महिने थांबा, लोकांना आपटू दे आधी," मी म्हटलं. ऐकतील तर अप्पा कसले.

रविवारी सकाळी बसलो आम्ही दोघं. पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घेतलं. कॉम्प्युटर पेनड्राइव्हकडे बघेचना. बघितलं तेव्हा स्क्रीन काळी. पुन्हा केलं, तर चिन्ह गोल गोल फिरत राहिलं, अर्धा तास. तिसऱ्यांदा सुरू झालं तर वाय-फाय सापडेना. अप्पा प्रत्येक वेळी म्हणायचे, "आता होईल बघ." चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मी उठले. "मला डोसे घालायचेत," म्हटलं, आणि पेनड्राइव्ह तसाच लावलेला सोडून स्वयंपाकघरात गेले. फाइल दुसरीकडे कुठं ठेवली आहे का, एवढं साधं विचारायला हवं होतं. माझं सगळं लक्ष चिडण्यात.

सोमवारी संध्याकाळी शाळेतून आले तर अप्पा दारातच उभे. हातात फिल्टर कापीचा टंबलर, तोंडभर हसू. "ये, ये! झालं! मी एकट्यानं केलं!"

बघते तर खरंच स्क्रीन झळझळीत. आणि सगळीकडे देवनागरी. फाइल्स, सेटिंग्ज, कचरापेटी, सगळं मराठीत. मग मी त्यांची फाइल शोधायला लागले. कागदपत्रांचा फोल्डर रिकामा. फोटोंचा रिकामा.

"अप्पा, मध्ये काय काय विचारलं यानं?"

"पुष्कळ विचारलं. मला कुठं वाचता येतंय? हिरवं बटण दिसलं की दाबलं."

सुरुवातीला भाषांची यादी आली होती. त्यात त्यांनी मराठी निवडली. तो एक शब्द त्यांना दिसला की ओळखता येतो. पुढचे सगळे प्रश्न मग मराठीत आले, आणि त्यातला एक डिस्कवरचं सगळं पुसू का, असा होता.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही, लाज वाटते. "वाचता येत नाही तर इंग्लिश घ्यायचं ना! चाळीस वर्षं इंग्लिशमध्ये फायली लिहिल्यात तुम्ही!"

अप्पा खुर्चीत बसले. फाइल गेली हे त्यांना तेव्हा कुठं उमगलं. मग म्हणाले, "ऑफिसात, बँकेत, कुठंच कुणी विचारलं नाही गे, मराठी हवं का म्हणून. यानं विचारलं. मग नको कसं म्हणू?"

मी आत जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. जुन्यावर नवीन लिहिलं गेलंय मॅडम, म्हणाला. घरी येऊन सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "परवाइल्लै, असू दे. डोक्यात आहे सगळं," आणि नवी फाइल उघडून बसले.

डोक्यात सगळं नव्हतं. आठवडाभर शब्द भराभर आले, मग थांबले. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ताटात शेवटचा घास ठेवून उठणाऱ्या पोरीला तुझी आई काय म्हणायची गे?"

मला आठवेना. ती पोर मीच! रोज दोन वेळा ऐकलेला शब्द, आणि आई जाऊन चार वर्षं होत नाहीत तोवर मी विसरलेसुद्धा.

"लिहून ठेवला म्हणून मी निर्धास्त विसरलो," अप्पा म्हणाले. मी ती फाइल एकदा जरी वाचली असती तर, हे त्यांनी म्हटलं नाही. मीच म्हटलं. ते माझ्या हातावर थोपटत राहिले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. फोन अप्पांच्या हातात होता. त्यांनी सहज तिलाही तेच विचारलं.

"शेषराणी!" ती ओरडली. मलाही ऐकू आलं. "मलाही म्हणायची आजी. 'उठली बघा शेषराणी, आता तो घास कोण खाणार, राजा?' असं."

पूर्ण वाक्य, मराठीत. तमिळ हेल काढून, म्हणजे थेट माझ्या आईच्याच हेलात.

"अप्पा, लिहा, लिहा," मी म्हटलं.

त्यांनी हातानंच मला गप्प केलं. "आणखी काय म्हणायची गे तुला?" त्यांनी फोनमध्ये विचारलं. ती सांगत राहिली, अडखळत, मध्येच हसत, पण मराठीतच, आणि अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. लिहायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. शेवटी कीबोर्ड मीच माझ्याकडे ओढून घेतला.