सभेसाठी म्हटलेला घन

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी पाण्याचा, विजेचा, गल्लीतल्या माकडांचा विषय काढत असे. आता ज्यांच्यापासून लपवायचं होतं, त्याच राहिल्या नाहीत. म्हणून लिहितो.

गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली. काशीत, ब्रह्माघाटावरच्या मराठी वस्तीत, आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या वेदपठण चालत आलेलं. मी आणि माझा थोरला चुलत भाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, अशी आमची जोडी होती. मंत्रातले शब्द पुढून, मागून, उलटसुलट गुंफत म्हणायचे, त्याला घन म्हणतात. आमच्याकडे घन दोघांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून म्हणायचा. एक अडखळला की दुसऱ्याने सावरायचं. बोलावणी मात्र माझ्याकडे येत. दादाला नाही म्हणण्याची फार हौस होती आणि मला हो म्हणण्याची.

निवडणूक तोंडावर आली होती. मणिकर्णिकेवर जागा पुरत नव्हती, तिरड्या वरच्या गल्लीत खोळंबून असत. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांना धुराचा वास येई. अशा दिवसांत एक कार्यकर्ता पेढ्यांचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला. मास्क हनुवटीवर. शहराबाहेरच्या मैदानात मोठी सभा होती, मोठे नेते येणार होते.

"पंडितजी, काशी में सभा हो और वेदपाठ न हो, तो लोग क्या कहेंगे?"

तेवढ्यात गल्लीतून एक प्रेत चाललं. वाट द्यायला त्याने पाय आखडून घेतले, कपाळाला हात लावला आणि पुढचं वाक्य बोलला. "टीवी पर सीधा आएगा, गुरुजी."

त्या माणसाबद्दल मला किळस आली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला आठवलं ते हे, की पुण्याचे आणि नागपूरचे नातेवाईक आपल्याला टीव्हीवर बघतील. मी हो म्हटलं आणि पेढाही खाल्ला.

दादा भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात राहायचा. मी त्याच्या गच्चीवर गेलो. वहिनी खाली स्वयंपाकघरात होत्या, आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नाही.

"माणसं मरताहेत आणि ह्यांना सभा सुचतेय," दादा म्हणाला. "मी येणार नाही. आणि तुझा आवाज बसलाय. सभेचं राहू दे, तू उंबऱ्याबाहेर पडू नकोस."

"हवा बदलली की माझा घसा बसतोच. ज्येष्ठमध घेतलंय."

"मग ज्येष्ठमधालाच बसव समोर."

तो हसला. मी हसलो नाही. घसा दोन दिवसांपासून खवखवत होता, रात्री अंगही कसकसलं होतं. घरात मी कोणाला बोललो नव्हतो. एकट्याने जाऊन घन म्हणता येणार नव्हता आणि शब्द तर मी देऊन बसलो होतो.

"जन्मभर दुसऱ्यांसाठी मृत्युंजयाचे जप केलेस," मी म्हणालो, "आणि स्वतः खोकल्याला भितोस? सांगू का सगळ्या ब्रह्माघाटाला?"

 तो म्हणाला, "तुला टीव्हीवर जायचंय, एवढं सरळ सांग की." पण तो आला. मी बोलून दाखवलेली गोष्ट खरंच चारचौघांत बोलेन, हे त्याला ठाऊक होतं.

मैदानावर बसगाड्या भरभरून माणसं आणली होती. खेड्यापाड्यांतली गरीब माणसं. एकेक पुडी जेवण आणि एकेक टोपी देऊन उन्हात खेटून बसवलेली. समोर नेत्यांचा मंच होता, त्यावर खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, मागे कूलर. त्या मंचावर चढणाऱ्या प्रत्येकाची आधी कोरोनाची तपासणी झालेली असायला हवी, असा नियम होता. आम्हाला बाजूला खाली एका लाकडी तख्तावर बसवलं होतं, आमची कोणी तपासणी केली नाही. मी विचारलं तेव्हा कार्यकर्ता म्हणाला, "आप लोगों का तख़त अलग है न!" नेत्यांना आमच्यापासून जपायचं होतं. आम्हाला एकमेकांपासून जपायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं?

दादाने एकावर एक दोन मास्क लावले होते. तो तसाच बसला.

"तोंडाला फडकं बांधून घन म्हणणार?" मी म्हणालो. "स्वर कसा लागेल? काढ ते."

त्याने काढले, घडी करून मांडीखाली ठेवले. मी त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर बसून, बसलेल्या घशातून जोर लावून म्हणू लागलो. मला मधूनच खोकला येई, तेव्हा तो एकटा ओढून नेई. अर्ध्यावर आलो असू, तोच हेलिकॉप्टर आलं. धुळीचा लोट उठला. कार्यकर्त्याने आमच्यामधून हात घालून माइक उचलला आणि नेत्याच्या नावाने घोषणा सुरू केल्या. मंत्र शब्दाच्या मधोमध तुटला. ते थोर नेते आले, आमच्या दिशेला न बघताच हात जोडले आणि समोरच्या गर्दीचं कौतुक करू लागले. पुढच्याच आठवड्यात त्यांचं आवाहन छापून आलं, जनतेने घरातच थांबावं. कागदाला लाज नसते हे समजू शकतो; ह्यांना आरसा तरी असेल की नाही?

दोघंही तापाने पडलो. मी उठलो. दादाला ऑक्सिजन मिळेपर्यंत उशीर झाला. ज्याने जन्मभर मंत्रांचा एक स्वर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याचे विधी प्लास्टिकचे कपडे घातलेल्या कोणीतरी घाईघाईत उरकले. मी अंथरुणात होतो.

बरा होऊन वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी विचारलं, "भावोजी, हे का गेले हो तिथे?"

मी म्हणालो, "मी नको म्हणत होतो, वहिनी. दादाने ऐकलं नाही."

किती सहज आलं तोंडातून! त्या नेत्यांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालतो, पण खोटं बोलताना त्यांची जीभसुद्धा इतकी मऊ चालत नसेल. गल्लीत तेच पसरलं. म्हातारा मंचाला भुलला, असं लोक म्हणू लागले. मी ऐकून घेतलं. दरवर्षी श्राद्धाला वहिनी मला बोलवत, आग्रहाने खीर वाढत आणि म्हणत, "तुम्ही तरी अडवलं होतंत त्यांना." मी वाटी पुढे करी.

गेल्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या, तेव्हा सांगायचंच असं ठरवून गेलो. खुर्ची खाटेजवळ ओढली आणि म्हणालो, "वहिनी, त्या सभेबद्दल बोलायचं होतं. दादा..."

त्यांनी हात वर केला. "नको, भावोजी. चुकले असतील, हट्टी होते. पण माझ्यासमोर त्यांना नावं ठेवू नका."

 सून चहा घेऊन आली, तो प्यायलो आणि घरी आलो. थंडी सरण्याआधी त्या गेल्या.

मला एवढंच म्हणायचं होतं: वहिनी, दादा नको म्हणत होता. आजारी मी होतो. टोचून बोलून त्याला मी नेलं, त्याचा मास्क मी काढायला लावला आणि तुमच्याशी खोटंही मीच बोललो. मला क्षमा करा.